कावीळ, नळीतला खडा आणि ईआरसीपी : साडेतीन स्टार

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या गॅस्ट्रो डिपार्टमेंटबद्दल लिहितेय. नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे, आणि ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीतला खडा काढणं) कुठेही करायची झाली तरी हे उपयोगी पडेल.

सासूबाईंना कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी गडद, आणि अंगाला इतकी खाज की रात्र रात्र झोप नाही. घरात नेहमीचं सुरू, गावाकडून माळ आली, उसाचा रस आला, कोणी म्हणे चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवून घ्या. इथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, संडासचा रंग कसा आहे?" पांढरट, मातकट म्हटल्यावर ते म्हणाले, पित्त आतड्यात उतरतच नाहीये, कुठेतरी अडलंय. म्हणजे दूषित पाण्यातून होते ती कावीळ नाही, त्यात एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम बऱ्याचदा हजाराच्या वर जातं, इथे डायरेक्ट बिलीरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, जे पित्त अडलं की रक्तात वाढतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, पित्ताची नळी फुगलेली, आणि एमआरसीपीत (पित्ताच्या नळीचा एमआरआय) नळीच्या टोकाशी अडकलेला खडा. आता त्याला माळ काय करणार सांगा.

डॉक्टरांना पूर्ण मार्क. कागदावर चित्र काढून दाखवलं की दुर्बीण तोंडातून लहान आतड्यापर्यंत जाते, नळीचं तोंड जरासं कापून बलूनने खडा खाली ओढतात आणि पित्त वाहतं राहावं म्हणून प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे छोटी नळी, ठेवतात. पोटावर एक टाका नाही. त्याआधी आयएनआर ही रक्त गोठण्याची टेस्ट बघून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, कारण पित्त अडलं की रक्त गोठायला वेळ लागतो. आणि सही घेताना धोका लपवला नाही, शंभरात काही जणांना यानंतर स्वादुपिंडाला सूज येते आणि ती कधी कधी गंभीर होते हे स्पष्ट सांगितलं, म्हणूनच रात्रभर ठेवून घेतलं. वॉर्डमधल्या मावशी तर सोन्यासारख्या. सासूबाईंना त्रास झाला नाही, खाज हळूहळू गेली.

आता तक्रार. डिस्चार्ज सकाळी सांगितला आणि टीपीएचं (इन्शुरन्सचे क्लेम बघणारी कंपनी) अप्रूव्हल यायला रात्र झाली, ते एकवेळ सोडून देऊ. पण स्टेंट काढायचाय हे डिस्चार्ज पेपरवर शेवटी बारीक अक्षरात एका ओळीत, तोंडी कोणीच बोललं नाही, नंतर फोन नाही मेसेज नाही. अहो प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा नाहीतर बदलावा लागतो, तो तुंबला की थंडी वाजून ताप, परत कावीळ, इन्फेक्शन रक्तात पसरून जिवावर बेतू शकतं. वयस्कर माणूस एकटं राहत असेल तर त्याला कोण आठवण करणार? दीड स्टार यासाठीच कापलाय. तिथून निघायच्या आधी तारीख विचारून मोबाईलमध्ये टाका.

पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन पण लगेच उरकून घ्या असं त्यांनी सांगितलं, पिशवीतले खडे परत नळीत उतरू शकतात म्हणून. ते तिथेच केलं, छान झालं. लिव्हर टॉनिकची बाटली कोणी गळ्यात मारली नाही हे विशेष. कॅन्टीनचा उपमा बरा आहे. पार्किंगचं मात्र विचारूच नका, सरळ रिक्षाने जा.