ब्लॅक सॅबथचा ‘द इटर्नल आयडल’: दोन गळ्यांचा एक अल्बम, काही महिने ऐकल्यानंतर

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे नाव घेतले की बहुतेकांना पहिला गायक ऑझी ऑस्बर्न याच्या काळातले पहिले काही अल्बम आठवतात. त्यापुढे जाणारे श्रोते रॉनी जेम्स डिओने गायलेल्या ‘हेवन अँड हेल’पाशी (१९८०) येऊन थांबतात. १९८७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला ‘द इटर्नल आयडल’ हा बँडचा तेरावा स्टुडिओ अल्बम आहे आणि तिथपर्यंत फारसे कोणी पोहोचत नाही. २०१० साली त्याची दोन सीडींची विस्तारित आवृत्ती निघाली. तिच्या पहिल्या सीडीवर टोनी मार्टिनने गायलेला, म्हणजे प्रत्यक्ष बाजारात आलेला अल्बम आहे आणि दुसऱ्या सीडीवर तीच गाणी रे गिलन या आधीच्या गायकाच्या आवाजात आहेत. गेले काही महिने हा संच माझ्या रोजच्या ऐकण्यात आहे. इतक्या सहवासानंतर माझे ठाम मत झाले आहे की या अल्बममधला गायकबदल म्हणजे फाटलेल्या कामाला लावलेले ठिगळ नव्हे. पुढच्या आठ वर्षांच्या ब्लॅक सॅबथचा पाया त्या बदलाने घातला.

ऐकण्याची परिस्थिती आधी सांगणे योग्य होईल, कारण अशा संगीताबद्दलचे मत ते कशावर आणि कुठे ऐकले यावरही बरेच ठरते. मी ठाण्यात राहते आणि कामासाठी बेलापूरला जाते. ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकल गाडीत ठाण्याला बसायला जागा मिळाली, तर सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा हा अल्बम जवळजवळ पूर्ण ऐकून होतो. शेवटचे शीर्षकगीत साधारण सीवूड्सच्या आसपास सुरू होते. प्रवासात वायरवाले इअरफोन आणि घरी जुना सीडी प्लेअर व दोन मध्यम आकाराचे स्पीकर, एवढीच माझी साधने आहेत. गाडीच्या खडखडाटात बेसचा खालचा भाग हरवतो, पण गायकाचा आवाज आणि गिटारचा मधला पट्टा शाबूत राहतो. दोन गायकांची तुलना करायला तेवढे पुरते. ध्वनिमुद्रणाच्या दर्जाबद्दल पुढे जे लिहिले आहे ते मात्र घरच्या स्पीकरवर ऐकूनच लिहिले आहे.

हा अल्बम दोन गळ्यांतून का गेला, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. १९८६ च्या ‘सेव्हन्थ स्टार’ या आधीच्या अल्बमवर ग्लेन ह्यूजेस गायला होता, परंतु दौरा सुरू होताच त्याची प्रकृती आणि आवाज दोन्ही साथ देईनात, तेव्हा त्याच्या जागी न्यू जर्सीचा तरुण गायक रे गिलन आला. गिलनने तो दौरा निभावला आणि पुढच्या अल्बमच्या कामालाही तोच बसला. कॅरिबियनमधल्या मॉन्सेरात बेटावर बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले. हा स्टुडिओ १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळानंतर कायमचा बंद पडला. काम सुरू असतानाच माणसे गळू लागली. बेसवादक डेव्ह स्पिट्झ बाजूला झाला आणि बॉब डेझली आला. डेझलीने बेस वाजवला, शिवाय गाण्यांचे शब्दही लिहिले, पण तोही टिकला नाही. ड्रमर एरिक सिंगर गिटारवादक गॅरी मूरच्या बँडमध्ये गेला. निर्माते तर तीन झाले: जेफ ग्लिक्समन, मग विक कॉपरस्मिथ-हेवन आणि शेवटी काम तडीस नेणारा क्रिस सँगारिडीस. अखेर गिलनही निघून गेला. नव्या गायकाला घेऊन सगळे पुन्हा वाजवत बसण्याइतका पैसा आणि वेळ हातात नव्हता, म्हणून बर्मिंगहॅमच्या टोनी मार्टिनने तयार वादनावर, बऱ्याच अंशी गिलनच्याच चालींवर, गाणी नव्याने गायली. या सगळ्या पडझडीत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ठाण मांडून बसलेला माणूस म्हणजे गिटारवादक टोनी आयोमी, आणि त्याच्या सोबतीला कीबोर्डवादक जेफ निकोल्स. अल्बम विस्कटला नाही याचे कारण इथेच आहे. गाण्यांचा कणा आयोमीच्या रिफचा, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीचा आहे आणि त्या रिफवर कोण गातो यापेक्षा तो कसा गातो याला जास्त महत्त्व आहे.

संगीत नाटकांचे प्रयोग पाहिलेल्या मराठी माणसाला हा प्रकार परका वाटू नये. एका गायक नटाने रुळवलेले पद दुसऱ्याच्या वाट्याला येते, चाल तीच राहते, साथ तीच राहते, आणि नव्या माणसाला त्या आखलेल्या चौकटीतच स्वतःच्या जागा शोधाव्या लागतात. मार्टिनने नेमके हेच केले आहे. त्याच्या जागा ओळखायच्या तर दोन्ही सीडी लागोपाठ ऐकण्यापेक्षा एकेक गाणे जोडीने ऐकावे, असे मी सुचवेन. दुसऱ्या सीडीवरचा गाण्यांचा क्रम वेगळा असल्यामुळे मी दोन्हींची गाणी फोनवर घेऊन जोड्या लावल्या, आणि त्यानंतरच मला हा अल्बम खऱ्या अर्थाने उलगडला.

‘द शायनिंग’पासून सुरुवात करू. स्वच्छ तारांवर वाजवलेल्या सुरांनी गाणे उघडते, मागे कीबोर्डचा पडदा असतो आणि मग आयोमीचा तो रुंद, डौलदार रिफ येतो. गिलनच्या आवाजात खरखर आहे, ब्लूजची ओढ आहे, आणि तो ओळीच्या शेवटी सूर किंचित वाकवून सोडतो. त्यामुळे गाणे मंचावर समोर उभ्या असलेल्या माणसाचे वाटते, घामाचा वास येणारे. मार्टिनचा आवाज निर्मळ, वर चढणारा आणि सरळ आहे. कोरसमधला, म्हणजे ध्रुवपदातला, वरचा सूर तो कुठेही न वाकवता, पूर्ण लांबीचा धरून ठेवतो आणि त्या धरण्यामुळे खालचा रिफ एकदम प्रचंड वाटू लागतो. गिलन रिफच्या बरोबरीने चालतो, मार्टिन त्याच्या वर उभा राहतो. माझ्या कानाला या गाण्यात मार्टिन सरस आहे, पण गिलनचे ऐकल्यानंतर अंतर फार थोडे उरते, हेही मान्य केले पाहिजे.

‘हार्ड लाइफ टू लव्ह’ आणि ‘बॉर्न टू लूझ’ ही दोन गाणी मात्र गिलनचीच आहेत. ती मुळात हार्ड रॉकच्या जातीची, रस्त्यावरची, थोडी रगेल गाणी आहेत आणि गिलन ती दात-ओठ खाऊन म्हणतो. मार्टिन तीच गाणी बिनचूक म्हणतो, पण त्याच्या गळ्यात तो उनाडपणा नाही. पुढे गिलनने गिटारवादक जेक ई. ली आणि एरिक सिंगर यांच्यासह बॅडलँड्स हा बँड केला, तेव्हा हाच गुण त्याला फळला. तो १९९३ मध्ये फार लवकर गेला. त्याच्या आवाजातली ही गाणी अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१० उजाडावे लागले, याची खंत दुसरी सीडी ऐकताना दर वेळी वाटते.

याउलट ‘एन्शंट वॉरियर’ आणि शीर्षकगीत ‘इटर्नल आयडल’ यांत मार्टिनला तोड नाही. शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचे आहे, अतिशय संथ आहे, आणि सॅबथच्या पहिल्या काळातल्या अंधाऱ्या, जड चालीशी त्याचे थेट नाते आहे. इथे रिफ दोन सुरांच्या मध्ये एवढी मोकळी जागा सोडतो की गायकाने ती भरण्याची घाई केली तर गाणे कोसळेल. गिलन थोडी घाई करतो. प्रत्येक ओळीला तो भावनेचा एक झटका देतो आणि त्यामुळे भय कमी होऊन राग जास्त ऐकू येतो. मार्टिन थांबतो. ओळ संपल्यावर तो बाजूला सरतो, गिटार बोलून घेते, मगच तो परत येतो. नुकताच बँडमध्ये आलेला, दुसऱ्याच्या चालीवर गाणारा माणूस एवढा संयम दाखवतो, याला मी या अल्बमचे सर्वात मोठे यश मानते. या बँडच्या सर्वोत्तम शेवटांमध्ये, म्हणजे अल्बम संपवणाऱ्या गाण्यांमध्ये, मी याची गणना निःसंकोच करेन.

‘नाइटमेअर’मध्ये एक छोटी गोष्ट आहे. कीबोर्डच्या थंड, भयपटासारख्या सुरावटीने सुरू होणाऱ्या या गाण्यात एक हसण्याचा आवाज येतो. मार्टिनने सगळे गाणे नव्याने गायले, पण ते हसू गिलनचे तसेच ठेवले गेले. हे एकदा कळल्यावर गाण्याचा तो भाग पूर्वीसारखा ऐकताच येत नाही. एका गायकाच्या गाण्यात मध्येच दुसरा क्षणभर हजर होतो, आणि ज्या अल्बमच्या मुखपृष्ठावर व श्रेयात त्याला जागा मिळाली नाही त्यावर त्याचा तेवढा श्वास राहून जातो. इअरफोनवर, डोळे मिटून ऐकले तर तो बारकावा अधिक स्पष्ट होतो.

‘ग्लोरी राइड’ दोन्ही गळ्यांत चांगले आहे आणि ‘लॉस्ट फॉरेव्हर’ दोन्हींत सामान्य आहे. ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ हा दोन मिनिटांचा, शब्दांविना तुकडा आयोमीच्या नाजूक बाजूची आठवण देतो; गाडीत तो नीट ऐकू येत नाही, रात्री घरी ऐकावा.

ध्वनिमुद्रणाबद्दल तक्रारी आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. ड्रमवर त्या दशकातला घुमारा फार आहे. तो कधी कधी गिटारच्या धारेवर पसरतो, आणि वेगवान गाण्यांत तालाची टोके बोथट होतात. तीन निर्मात्यांच्या हातून गेलेले काम असूनही गिटारचा आवाज सर्व गाण्यांत एकसंध राहिला आहे, याचे श्रेय सँगारिडीसच्या अखेरच्या मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याच्या कामाला, द्यावे लागेल. दुसरी सीडी हे पूर्णत्वाला न गेलेले काम आहे. तिचा मिक्स कोरडा आहे, काही ठिकाणी आवाज पुढे-मागे होतो. पण त्या कोरडेपणाचा एक लाभ असा की घुमाऱ्याखाली दबलेला बेस आणि आयोमीच्या उजव्या-डाव्या हातांचे काम तिथे जास्त स्पष्ट ऐकू येते. वाद्य शिकणाऱ्याने दुसरी सीडीच जवळ ठेवावी.

पहिल्या सीडीच्या शेवटी ‘ब्लॅक मून’ आणि ‘सम काइंड ऑफ वुमन’ ही दोन जादा गाणी आहेत. दुसरे मला आवडले नाही. बँडच्या स्वभावाशी ते जुळत नाही. ‘ब्लॅक मून’ मात्र महत्त्वाचे आहे, कारण हेच गाणे १९८९ च्या ‘हेडलेस क्रॉस’ या पुढच्या अल्बमवर पुन्हा, कोझी पॉवेलच्या ड्रमसह आले. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यास दोन वर्षांत मार्टिन किती मोकळा झाला हे लक्षात येते. दुसऱ्याची चौकट काढून घेतल्यावर त्याचा आवाज कुठवर जातो, त्याचा तो पुरावाच आहे.

मग हा अल्बम इतका दुर्लक्षित का राहिला? ब्रिटनमध्ये तो ६६ व्या आणि अमेरिकेत १६८ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. १९८७ हे वर्ष अमेरिकेत चकचकीत, गोड हार्ड रॉकचे होते, तर दुसरीकडे थ्रॅश, म्हणजे अतिवेगवान आणि आक्रमक मेटल वाजवणारे बँड वेगाने पुढे सरकत होते. आयोमीचा मध्यम गतीचा, गंभीर रिफ या दोन्हींत बसत नव्हता. त्याच वर्षी बँडने वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे कार्यक्रम केले, त्यावर रास्त टीका झाली, आणि तालवादक बेव्ह बेव्हन तिकडे जाण्यास नकार देऊन बाहेर पडला. तिथे कार्यक्रम करण्याच्या बँडच्या निर्णयाचे समर्थन मी करणार नाही. तरीही अल्बमवर जी उपेक्षा साचली तिचे मोठे कारण नाव हेच आहे. ऑझी नाही, डिओ नाही, म्हणजे हा खरा सॅबथ नाही, हा निकाल ऐकण्याआधीच लागलेला असतो. २०२४ मध्ये मार्टिनच्या काळातले अल्बम ‘अॅनो डॉमिनी १९८९-१९९५’ या संचात पुन्हा निघाले आणि त्याच्या गायकीचे उशिरा का होईना पण कौतुक झाले. मात्र ‘द इटर्नल आयडल’ आधीच्या कंपनीकडचा असल्याने त्या संचात नाही. जिथून मार्टिनची सुरुवात झाली तोच अल्बम पुनर्मूल्यांकनाच्या वेळीही दाराबाहेर राहिला, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

दोन सीडींची आवृत्ती इथल्या दुकानांत सहज मिळत नाही. मी ती बाहेरून मागवली, आणि खोक्याचा एक कोपरा चेपून आला असला तरी आतल्या सीडी सुस्थितीत होत्या. वापरलेली प्रत घेताना दुसरी सीडी आत आहे ना, हे विकणाऱ्याला आवर्जून विचारावे, कारण जुन्या एका सीडीच्या आवृत्त्याही फिरत असतात आणि त्यांवर गिलन नाही. ज्यांनी मार्टिनचा काळ अजिबात ऐकलेला नाही त्यांनी ‘द शायनिंग’, ‘एन्शंट वॉरियर’ आणि शीर्षकगीत ही तीन गाणी पहिल्या सीडीवरून आधी ऐकावीत, चार-आठ दिवस जाऊ द्यावेत आणि मग हीच तीन गिलनच्या आवाजात लावावीत. उलट क्रमाने ऐकल्यास गिलनची उष्णता कानात बसते आणि मार्टिनचा संयम थंडपणा वाटू लागतो.