मझदा एमएक्स-५: एनए घ्यावी की एनबी?

ब्रिटनमध्ये जुनी एमएक्स-५, म्हणजे मझदाची उघड्या छताची दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी (तिलाच मियाता असंही म्हणतात), शोधायला लागलं की यादी लवकरच दोन पिढ्यांवर येऊन थांबते. एक पॉप-अप दिव्यांची एनए, १९८९ ते १९९७ ची. दुसरी तिच्याच सांगाड्यावर बेतलेली, स्थिर दिव्यांची एनबी, १९९८ ते २००५ ची. भारतात ही गाडी कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. त्यामुळे ब्रिटनमधल्या मराठी माणसाला सल्ला द्यायला गावाकडचा ओळखीचा मेकॅनिक नसतो, जे काही तपासायचं ते स्वतःच तपासावं लागतं. पुढचं लिखाण त्यासाठी आहे.

आधी एनबीच्या बाजूने बोलतो, कारण कागदावर तीच सरस ठरते. मागे काचेची खिडकी, तीही धुकं घालवणाऱ्या तारांसह. बॅटरी आणि स्टेपनी खाली सरकवल्यामुळे डिकीत खरोखरच दोन पिशव्या जास्त बसतात. १.८ लिटरच्या इंजिनात व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट हायड्रॉलिकऐवजी साधे आले आणि एनएची ती सकाळची टकटक थांबली. २००१ पासून व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ गरजेनुसार बदलणारी यंत्रणा) मिळालं, स्पोर्ट आवृत्तीला २७० मिमीच्या पुढच्या ब्रेक डिस्क मिळाल्या. शिवाय तितक्याच बऱ्या अवस्थेतली एनबी एनएपेक्षा सहसा स्वस्त मिळते. रोज कामाला जायला एकच गाडी असेल, तर या सगळ्याला वजन आहेच.

तरीही मी एनए निवडली. कारण एकच: एनबीच्या पुढच्या चॅसिस रेल.

इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे जाणारे हे पोकळ पोलादी खांब. अपघातात जास्त मार सोसावा म्हणून एनबीत ते आतून आणखी एका पत्र्याने मजबूत केले. हेतू चांगला होता, पण दोन पत्र्यांच्या सांध्यात पाणी शिरलं की ते लवकर वाळत नाही, आणि इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. गंज आतून सुरू होतो. बाहेरचा रंग वर्षानुवर्षं शाबूत दिसतो, आणि जेव्हा फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा उरलेलाच नसतो. याच भागात सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) आणि सस्पेन्शन बसतं, त्यामुळे हा गंज थेट गाडीच्या मजबुतीचा प्रश्न होतो.

याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, कागद इथे धीर देत नाही. तपासनीस गाडीचे भाग खोलत नाही. खालचं प्लास्टिकचं आवरण जागेवर असेल तर रेलचा बराच भाग त्याच्या नजरेआड राहतो. काल पास झालेल्या गाडीची रेल आज बोटाने दबते, असं होऊ शकतं. म्हणून विकणाऱ्याला आधीच विचारा की आवरण काढून दाखवाल का. १० मिमीचे बोल्ट आणि काही क्लिपा, एवढंच काम आहे. नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा. हो म्हणाला तर चाक पूर्ण वळवून टॉर्च मारा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने रेलवर ठिकठिकाणी ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला ठस्स आवाज देतो, कधीकधी आत खपल्या पडताना ऐकूही येतात. फोनला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) असेल तर रेलच्या भोकांतून आत घालून बघा. लोहचुंबकावर विसंबू नका, पत्रा पातळ झाला तरी तो चिकटतोच.

दुरुस्ती होते, पण सोपी नाही. आवरण, चाकांची आतली लायनिंग आणि बरेचदा सस्पेन्शनचे भाग उतरवून कुजलेला तुकडा कापायचा, तयार मिळणारा पत्रा सलग वेल्ड करायचा आणि मग दुसऱ्या बाजूला तेच. स्वस्तात घेतलेल्या एनबीत हा खर्च गाडीच्या किमतीला सहज गाठतो.

एनए गंजत नाही असं अजिबात नाही. ती सिलमध्ये गंजते, दाराखालच्या पट्टीत, मागच्या चाकाच्या अगदी पुढे. कापडी छतावरचं पाणी सीटांच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. नळीत पाला आणि चिखल अडकला की ते सिलमध्ये आणि गालिच्यात उतरतं. हे दुखणं एनबीलाही आहे. सीटबेल्ट जवळच बांधलेला असतो, आणि त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत सिल सडली तर गाडी एमओटीत नापास होते. पण हा गंज दिसतो. रंगाखाली बुडबुडे येतात, अंगठ्याने दाबून कळतं, आणि कुठल्याही बऱ्या वेल्डरला हे काम नवीन नसतं. माझ्या दृष्टीने दोन पिढ्यांमधला खरा फरक हाच आहे. एकीचा आजार डोळ्यांसमोर असतो, दुसरीचा नसतो.

नळ्या वर्षातून दोनदा साफ करा. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी वरून हळूहळू आत घाला, मग पेलाभर पाणी ओता. मागच्या चाकाच्या पुढे ते जमिनीवर पडलं पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी जागेवरून निसटते आणि मग पाणी कायमचंच आत जातं.

एनए ठरली तर कोणती, हा पुढचा प्रश्न. १९८९ ते १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकचं (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना मधला बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (जोराला) घट्ट बसला नाही, तर पुली जागेवर अडकवणाऱ्या पोलादी चावीची खाच झिजते, टायमिंग हलतं आणि गाडी हळूहळू ताकद गमावते. ओळखायची खूण पुलीवर असते: चार खाचा म्हणजे आखूड टोक, आठ म्हणजे नंतरचं सुधारित. १९९५ पासून ब्रिटनमध्ये विकलेली १.६ जेमतेम ९० अश्वशक्तीची होती, ती मी तरी सुचवणार नाही. १९९४ च्या मॉडेलपासूनची १.८ घ्यावी. पुढच्या ब्रेक डिस्क २३५ वरून २५५ मिमी झाल्या, डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचं) चक्र ६ इंचांवरून ७ इंचांचं झालं आणि सीटांमागे आडवी दांडी आली. अशी युनोस नावाने जपानात विकलेली आणि तिथून आयात केलेली गाडी सापडली तर उत्तमच. त्यांत एसी आणि पॉवर खिडक्या बहुधा असतात. फक्त गाडी कोणत्या वर्षी बोटीतून उतरली ते बघा. २० वर्षं इथल्या मिठात फिरलेली आयात गाडी इथल्याच गाडीसारखी धरायची. मीटर किलोमीटरचा आहे की मैलांचा, आणि मधे कधी बदलला, याचाही कागद मागा.

बाकी एनएत बघायचं ते स्वस्तातलं आहे. सिलिंडर हेडच्या मागे तेल दिसलं तर कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग तपासा, रबराचं साधं कडं असतं ते. क्लच पेडल मऊ लागलं तर स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या भागाचं) रबर उलटून बघा, आत ओलं असेल तर तो गेला. टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांना, आणि त्यासोबत पाण्याचा पंप, टेन्शनर आणि पुढची ऑइल सील, कारण तिथवर पुन्हा कोण पोचणार! दिव्याची मोटर अडली तर बॉनेटखाली रबरी टोपीआड फिरवायची मूठ असते, हाताने दिवा उघडता येतो. मागची प्लास्टिकची खिडकी छत दुमडून खाली घेण्याआधी चेन उघडून सपाट ठेवा, कडक थंडीत तिला हातच लावू नका. तडकलीच, तर एनबीचं काचेच्या खिडकीचं छत एनएवर बसतं. म्हणजे एनबीची सर्वांत मोठी सोय एनएत आणता येते. एनएची रेल मात्र एनबीत आणता येत नाही.

एनबीचं इंजिन तसं दणकट आहे. १९९९-२००० च्या काही १.८ मध्ये थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारं) झिजतं. इंजिन आयडलवर ठेवून कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि क्रँकच्या पुलीकडे बघा. ती पुढेमागे हलताना डोळ्यांना दिसली, तर ती गाडी सोडा.

एनसीचा, म्हणजे तिसऱ्या पिढीचा, विचार उंच माणसाने जरूर करावा, आत जागा आहे आणि टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. पण ती पहिल्या दोघींची बहीण वाटत नाही, दूरची नातेवाईक वाटते. चौथ्या पिढीची एनडी सुरेख आहे, वजनानेही पुन्हा खाली आली, पण तिचं बजेट वेगळं. सुरुवातीच्या एनडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स बदलला आहे का, एवढं विचारून घ्या.

चालवण्यातला फरक मोजून दाखवता येणार नाही. एनबी वळणात जास्त घट्ट आणि खात्रीची वाटते. एनएचं स्टिअरिंग मला जास्त बोलकं वाटतं, रस्त्यावरचा लहानसा खड्डाही तळव्याला कळवतं. काहींना नेमका हाच त्रास वाटेल, आणि त्यांचंही चुकीचं नाही.

तेव्हा २००१ नंतरची एनबी समोर आली, आवरण काढून रेल ठोकली आणि ती खणखणीत वाजली, किंवा वेल्डिंगची पावती फोटोंसह हाती पडली, तर माझा कल बाजूला ठेवून ती घ्या. मग पहिल्या हिवाळ्याआधी, गाडी आठवडाभर कोरड्या जागी ठेवून, लांब नळीच्या नोझलने दोन्ही रेल आणि दोन्ही सिलमध्ये कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत फवारायचं गंजरोधक मेण) भरा. नळी शेवटपर्यंत घालून मागे ओढत फवारायची, खालच्या भोकांतून वॅक्स ठिबकेपर्यंत. ती भोकं नंतर तारेने मोकळी करायला विसरू नका.