नवी खिडकी: सरकती की बिजागरीची?

खिडकी बदलायची म्हटलं की आधी घोळ होतो तो फ्रेमच्या रंगावर. मी आधी विचारेन, बाहेरून काच पुसणार कशी? वरच्या मजल्यावर निम्मा निर्णय इथेच होतो.

दोन ट्रॅकची स्लायडिंग जागा खात नाही, पडद्याला अडत नाही; पण कितीही सरकवा, उघडते अर्धीच. शटर, म्हणजे काचेचा पल्ला, सरकायला फट लागते आणि ती झाकायला नुसती केसाळ पट्टी असते, त्यामुळे धूळ आणि आवाज थोडे येतातच. बिजागरीची खिडकी सताड उघडते आणि मूठ फिरवली की रबरी गॅस्केटवर दाबून बसते. रहदारीच्या बाजूला मी हीच घेईन. आत उघडणारी असेल तर खोलीत उभं राहून काच दोन्हीकडून पुसता येते; मात्र कट्ट्यावरची कुंडी दर वेळी उचला! बाहेर उघडणारीत बिजागरीकडच्या काचेपर्यंत हात पोचत नाही, म्हणून उघडल्यावर मध्ये फट सोडणारी बिजागरी मागून घ्यावी.

स्लायडिंगची खरी कटकट ट्रॅकमध्ये. खालच्या पट्टीला बाहेरून बारीक भोकं असतात, साठलेलं पाणी निघून जायला. ती बुजली की पाऊस घरात. मी एकदा खिडकीलाच दोष देत बसलो होतो. मग झाडूची काडी घालून पाहिली, तर मातीचा गोळा निघाला आणि तुंबलेलं पाणी बाहेर गेलं. ट्रॅक आधी कोरड्या ब्रशने झाडायचा, मग ओलं फडकं. उलटं केलं की चिखल. तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे बरा.

फ्रेमचं थोडक्यात: ॲल्युमिनियम सडपातळ आणि मजबूत, पण उष्णता झटकन आत आणतं. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, ती अडवतं, रंगकाम मागत नाही, पण जाडजूड फ्रेम काचेची जागा खाते. त्यावर थिनर कधीच लावू नये. लाकूड देखणं, पण रंग-पॉलिशची हौस हवी.

दुहेरी काचेच्या मधोमध धुकं दिसलं तर पुसत बसू नका. सील गेलंय, ते युनिटच बदलावं लागतं.

आणि माप. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. भिंतीतली रुंदी वर, मध्ये, खाली मोजा आणि सगळ्यांत कमी भरेल ती धरा.