एसटीक्यूसीवाले ४ मेगापिक्सेल ड्युअल-लाइट कॅमेरे: सोसायटीत एक पावसाळा काढल्यानंतर

संच असा आहे: ४ मेगापिक्सेलचे १२ पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे, १६ चॅनेलचा पीओई एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), ८ टीबीची सर्व्हेलन्स डिस्क आणि कॅट-६ केबल. जागा ठाण्याच्या बाजूची, दोन विंगांची, स्टिल्ट पार्किंग असलेली सोसायटी. माल एप्रिल २०२५ नंतरचा, म्हणजे एसटीक्यूसी या सरकारी यंत्रणेची सुरक्षा-चाचणी झालेला. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही. खालच्या तक्रारी या किमतीतल्या बऱ्याच मॉडेलना लागू पडतील, आणि कौतुकही.

कॅमेरे चांगले आहेत, घ्यायला हरकत नाही. पण फुटेज कामाला येतं की नाही हे ठरलं लेन्स, केबल आणि बिटरेटवर (दर सेकंदाला किती डेटा साठवायचा), आणि कोटेशनमध्ये नेमका याच तिघांचा पत्ता नव्हता. कॅमेऱ्यांबद्दल तिथे फक्त '४ एमपी कलर नाइट व्हिजन, १२ नग' एवढंच होतं.

लेन्सपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. इन्स्टॉलर सगळीकडे २.८ मिमीची लेन्स (आकडा जितका लहान तितकं चित्र रुंद) लावून मोकळा होतो. कोपऱ्यातला एक कॅमेरा अख्खं आवार दाखवतो, कमिटी खूश. पण अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर चित्रात दर मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात, आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात तसा मापदंडच आहे. ४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे फ्रेममध्ये सव्वादहा मीटरपेक्षा जास्त रुंदी आली की ओळख संपली. २.८ मिमी लेन्सचा आडवा कोन सुमारे १०० अंश धरला तर ही मर्यादा कॅमेऱ्यापासून फक्त सव्वाचार मीटरवर येते. ४ मिमीला, ८० अंश धरून, ती सहा मीटरवर जाते आणि ६ मिमीला साडेदहा मीटरच्या आसपास. त्यापुढे 'निळा शर्ट, मध्यम बांधा' एवढंच कळतं. हा हिशोबही दिवसाउजेडाचा, रात्री यातला बराच भाग वजा करा.

म्हणून विभागणी अशी जमली: लिफ्टच्या लॉबीत आणि जिन्यापाशी २.८, पार्किंगच्या रांगांवर ४, मेन गेटवर चेहऱ्यासाठी ६ मिमी. उंचीही बघा. गेटवरचा कॅमेरा बारा फुटांवर होता तेव्हा टोप्या आणि टकलं छान दिसत होती. साडेआठ फुटांवर आणल्यावर चेहरे यायला लागले. 'खाली लावला तर कोणीतरी तोडेल' ही भीती असते, पण गेटवर वॉचमन बसलेला असतो आणि समोरच्या खांबावरचा दुसरा कॅमेरा या कॅमेऱ्यावर रोखता येतो.

नंबर प्लेट हा वेगळाच विषय. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, प्रकाश आला त्या दिशेला परत फेकते, त्यामुळे कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा तिच्यावर पडला की रात्री नुसता पांढरा चौकोन दिसतो. त्यासाठी २.८ ते १२ मिमीचा व्हेरिफोकल (लेन्स कमी-जास्त करता येणारा) कॅमेरा वेगळा ठेवला. शटर १/५००, आयआर (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा) निम्म्यावर, गाडीच्या दिशेशी कोन ३० अंशांच्या आत. आता प्लेट वाचता येते, पण बाकीचं चित्र रात्री जवळजवळ काळं. एकाच कॅमेऱ्याने चेहरा आणि प्लेट दोन्ही मिळेल असं कोणी सांगत असेल तर त्याला रात्रीचा नमुना मागा.

ड्युअल-लाइटचं बोलायचं तर तीन मोड मिळतात: नुसता आयआर, सतत पांढरा दिवा, आणि 'स्मार्ट', ज्यात एरवी आयआर चालू असतो आणि माणूस किंवा गाडी दिसली की पांढरा दिवा पेटतो. स्मार्ट मोड पार्किंगमध्ये खरंच उपयोगी आहे. दिवा पेटला की माणूस वर बघतो आणि चेहरा मिळतो, तोही रंगीत. पण पहिल्या मजल्याच्या खिडक्यांकडे तोंड असलेल्या दोन कॅमेऱ्यांवर तो बंद करावा लागला. रात्री दोन वाजता मांजर गेली तरी दिवा लागत नाही, हे सॉफ्टवेअरचं श्रेय. पेपरवाला पहाटे आला की मात्र लागतोच, आणि मग सकाळी सेक्रेटरींना फोन. सतत पांढऱ्या मोडमध्ये पावसाळ्यात किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि आठवड्याभरात लेन्ससमोर जाळं तयार. जाळं दिव्यात चमकतं, वाऱ्यावर हलतं आणि मोशन रेकॉर्डिंग रात्रभर चालू राहतं. महिन्यातून एकदा लांब दांड्याच्या मऊ ब्रशने झाडणं हाच उपाय. स्प्रे मारायचा तर ब्रॅकेटच्या मागे भिंतीवर, काचेवर नाही.

रात्रीच्या रंगीत चित्राला भुलू नका. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा उजेड मिळवण्यासाठी शटर मंद करतो. रिकामं आवार चकाचक दिसतं आणि चालणारा माणूस फरपटल्यासारखा. शटरची खालची मर्यादा १/२५ वर बांधा, गेटवर १/५०. चित्रात थोडे दाणे येतील, येऊ द्या. अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर आहे ना तेही बघा. आमच्या काही कॅमेऱ्यांत ६० होतं आणि ट्यूबलाइटखाली पट्टे सरकत होते.

माणूस-गाडी ओळखण्याचं काम कॅमेराच करतो. कुत्री, झाडाच्या फांद्या, हेडलाइटचे झोत बहुतेक गाळले जातात. एक भोक मात्र मोठं आहे: छत्री. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला छत्रीखालच्या माणसाचं डोकं आणि खांदे दिसत नाहीत, मग त्याच्या लेखी तो माणूसच नाही. नुसत्या ह्युमन डिटेक्शनवर रेकॉर्डिंग ठेवलं तर जून ते सप्टेंबर गेटवरचे किती लोक गळतील सांगता येत नाही. गेटवर आणि जिन्यापाशी रेकॉर्डिंग चोवीस तास ठेवा, डिटेक्शन फक्त अलर्टसाठी आणि नंतर शोधायला.

आता डिस्कचं गणित. एक कॅमेरा ४ एमबीपीएसवर तासाला १.८ जीबी खातो, दिवसाला ४३ जीबी. बारा कॅमेरे म्हणजे रोज सुमारे ५२० जीबी, आणि ८ टीबीची डिस्क पंधरा दिवसांत भरून जुनं पुसायला लागते. 'महिन्याचा बॅकअप' असं कोटेशनमध्ये होतं, तो २ एमबीपीएस धरून. तेवढ्यावर महिना निघतो हे खरं, पण एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) आणि सेकंदाला १५ फ्रेम ठेवून, आणि गेटचे कॅमेरे वगळून. गेटला ४ एमबीपीएस आणि २५ फ्रेम दिल्यावर अठ्ठावीसच्या खाली आलो. आणखी एक हिशोब: साध्या सर्व्हेलन्स डिस्कच्या डेटाशीटवर वर्षाला १८० टीबीचं काम लिहिलेलं असतं. सगळे कॅमेरे ४ एमबीपीएसवर ठेवले तर वर्षाचं लिखाण त्याच्याही पुढे जातं. डेस्कटॉपची डिस्क घालून पैसे वाचवायचा विचार असेल तर सोडून द्या.

'प्लस' नावाचा स्मार्ट कोडेक चालू केला की जागा वाचते, पण दोन पूर्ण फ्रेममधलं अंतर वाढतं. प्लेबॅकमध्ये मागे-पुढे करताना चित्र अडखळतं. काही मॉडेलमध्ये त्याबरोबर काही अ‍ॅनालिटिक्स बंद पडतात आणि मेनू तसं धड सांगतही नाही. लॉबीत चालू, गेटवर बंद.

केबलवर लिहिण्यासारखं बरंच आहे. एका कॅमेऱ्याचं लक्षण विचित्र होतं: दिवसभर ठीक, अंधार पडला की दर काही मिनिटांनी रीस्टार्ट. कॅमेरा बदलला, तरी तेच. कारण साधं निघालं. दिवसा कॅमेरा ३-४ वॉट घेतो, रात्री दिवे लागले की ७-८. त्या रनला ठेकेदाराने सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल टाकली होती. तिचा रोध तांब्यापेक्षा दीडपट-पावणेदोनपट असतोच, पण खरी गडबड जॅकच्या आत होते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड चढतो, दमट हवेत क्रिम्प सैल पडतो आणि करंट वाढला की तिथेच व्होल्टेज बसतं. ओळखायचं कसं? तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखा रंग दिसला की सीसीए. किंवा एका टोकाला एक जोडी एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा: ६० मीटरच्या शुद्ध तांब्याला २४ गेजमध्ये साधारण १० ओम येतात, सीसीएला १५-१६. हे पैसे देण्याआधी करायचं.

पावसाळ्याने दुसरा धडा शिकवला तो कॅमेऱ्याच्या शेपटीचा. कॅमेरा आयपी६७, म्हणजे पाणी-धूळ आत न जाणारा असतो, त्याची शेपटी (मागून निघणारी छोटी वायर) आणि जॅकचा जोड तसा नसतो. सोबत आलेली रबरी टोपी नीट घट्ट न करता जोड भिंतीवर लोंबकळत ठेवला तर केबलवरून ओघळणारं पाणी सरळ आत शिरतं. पिनांवर ४८ व्होल्ट असतात, त्यामुळे हिरवा गंज काही आठवड्यांत चढतो. जोड जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. केबल बॉक्समध्ये खालून घ्या आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथे टपकून जाईल. पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. असे लावलेले कॅमेरे ऑगस्टमध्येही चालू होते. मागच्या गेटचं अंतर शंभर मीटरच्या वर जातं, तिथे 'एक्स्टेंड मोड'वर (वेग कमी करून लांब केबल चालवणं) न विसंबता फायबर आणि मीडिया कन्व्हर्टर टाकला. वळवाच्या विजा एनव्हीआरच्या पोर्टपर्यंत येत नाहीत, हा वरचा फायदा.

एसटीक्यूसीचा फरक वापरताना कळतो का? कळतो, आणि थोडा डाचतोही. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीसाठी सुरक्षेच्या चाचण्याही आवश्यक झाल्या: डीबग पोर्ट बंद किंवा संरक्षित, सुरक्षित बूट, कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेलं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर), जुन्या फर्मवेअरवर परत जायला अटकाव. परदेशी साइटवरून उतरवलेली फाइल आता चढत नाही, आणि ते बरंच आहे. पण नवं फर्मवेअर आवडलं नाही तरी मागे जाता येत नाही, म्हणून अपडेट आधी एकाच कॅमेऱ्यावर करून आठवडाभर बघा. ओएनव्हीआयएफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांना जोडणारी सामाईक भाषा, मुळात बंद असतं. दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरला जोडायचं तर कॅमेऱ्याच्या वेब पानावर जाऊन ते चालू करून त्याचा वेगळा युजर बनवावा लागतो, हे न कळल्याने इन्स्टॉलर 'कॉम्पॅटिबल नाही' म्हणून हात वर करतात.

या नियमाने बाजारही हलला. स्वस्त बिननावाचा माल अधिकृतपणे विकणं अवघड झालं, देशात उत्पादन करणाऱ्यांना वाव मिळाला. सीपी प्लस ज्यांचा ब्रँड, ती आदित्य इन्फोटेक ऑगस्ट २०२५ मध्ये शेअर बाजारात आली, तिचा कारखाना आंध्रातल्या कडपा इथे आहे. वरच्या थरातही मालकी बदलते आहे: बॉशचा व्हिडिओ व्यवसाय २०२५ मध्ये ट्रायटन या गुंतवणूक कंपनीकडे जाऊन कीनफिनिटी झाला. सोसायटीला यातून घ्यायचं ते एवढंच की मॉडेल नंबर प्रमाणपत्रावर अक्षर न् अक्षर जुळतो का ते तपासावं, आणि त्या मॉडेलला फर्मवेअर किती वर्षं मिळेल ते लेखी घ्यावं.

पोलिसांना फुटेज देण्याची वेळ येते तेव्हा दोन गोष्टी आधीच तयार हव्यात. वेळ: एनव्हीआर राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरवर लावा आणि कॅमेऱ्यांना वेळ एनव्हीआरकडून घेऊ द्या, नाहीतर दोन कॅमेऱ्यांत चार मिनिटांचा फरक पडतो आणि एकच माणूस दोन ठिकाणी दिसतो. दुसरं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश (फाइलचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावा लागतो. पेनड्राइव्हवर काढलेल्या फाइलचा एसएचए-२५६ प्रकारचा हॅश विंडोजच्या सर्टयूटिल कमांडने मिनिटात निघतो. तो काढून रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, आणि मूळ डिस्कवरची ती वेळ लॉक करा, म्हणजे पुसली जाणार नाही.

शेवटचं, अ‍ॅपबद्दल. एनव्हीआर इन्स्टॉलरच्या मोबाईल नंबरवर बांधलेला होता. एएमसी बदलायच्या वेळी तो सोडवायला कंपनीला बिल, सिरीयल नंबरचा फोटो आणि सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्यावं लागलं. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या ईमेलवर खातं उघडून घ्या, अ‍ॅडमिन पासवर्ड बंद पाकिटात लॉकरमध्ये ठेवा, आणि वॉचमनच्या फोनवर फक्त लाइव्हचा अधिकार द्या, प्लेबॅकचा नाही.