एक फाइल उघडून दाखवली आणि मी १५,००० रुपये पाठवले

पहिली चूक माझीच, हे आधी कबूल करतो. बार्शीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. २०२२च्या गुढीपाडव्याला कोरोनाचे निर्बंध उठले आणि दोन वर्षं खोळंबलेली लग्नं एकदम अंगावर आली. नेमका तेव्हाच माझा जुना कोरल, म्हणजे पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, सारखा बंद पडायला लागला. सॉफ्टवेअर विकत घ्यायची सवय नव्हती, म्हणून एका रात्री नव्या आवृत्तीचा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत, उतरवला. सोबत सूचना होती की आधी अँटीव्हायरस बंद करा. चोरानं सांगावं कुत्रं बांधून ठेवा आणि आपण ते निमूट बांधावं, तसा मी तो बंद केला.

थोड्या वेळात विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के वाढत गेले. म्हटलं चालू दे, आणि झोपायला गेलो. ते अपडेट नव्हतंच. त्या खिडकीआड एकेक फाइल कुलूपबंद होत होती. सकाळी प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची इंग्रजी चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. म्हणजे तेव्हाच्या भावानं सदतीस हजारांच्या आसपास. आकडे वाचून हातपाय गळाले, खालचं काही वाचलंच नाही. ते वाचलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

बॅकअपची हार्ड डिस्क होती. पण ती कायम कॉम्प्युटरलाच लावलेली, काढायचा कंटाळा. तीही गेली.

मदत शोधायला गेलो तर अँटीव्हायरसच्या साइट त्या कॉम्प्युटरवर उघडेनात. हा व्हायरस जाता जाता तेवढीही दारं लावून घेतो, हे नंतर कळलं. मग मोबाईलवर शोधलं आणि 'डेटा रिकव्हरी, गॅरंटीसह' असा एक नंबर सापडला. पलीकडे स्वच्छ मराठी बोलणारा माणूस. "शेठ, टेन्शन घेऊ नका, रोजचंच काम आहे आमचं. ती चिठ्ठी आणि एक छोटी फाइल पाठवा. हिशेबाची नको, एखादी साधी पत्रिका चालेल." दुसऱ्या दिवशी ती पत्रिका उघडून परत आली. श्री कुलस्वामिनीच्या कृपेपासून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत एक काना-मात्रा हललेली नाही. मी तर हात जोडायचाच बाकी होतो. १५,००० आगाऊ, १०,००० काम झाल्यावर. लगेच यूपीआय केलं.

मग सर्व्हर बिझी. मग साहेब बाहेरगावी. मग 'की' मिळवायला आणखी तीन हजार. तेही पाठवणार होतो, बायकोनं मोबाईल हातातून काढून घेतला. त्यानंतर नंबर बंद.

पुण्याला कॉम्प्युटरचं काम करणारा माझा भाचा एका लग्नासाठी आला, त्यानं ती चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. "मामा, यात काय लिहिलंय बघ. पुरावा म्हणून एक फाइल आम्ही फुकट उघडून देऊ. फक्त तिच्यात महत्त्वाची माहिती नको." मला हिशेबाची फाइल का नको होती, ते तेव्हा उमगलं. पठ्ठ्यानं माझीच फाइल चोरांना पाठवून फुकटचा नमुना मिळवला आणि तो स्वतःची विद्या म्हणून मला विकला.

भाच्यानं सांगितलं ते असं. या व्हायरसच्या घराण्याला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात आणि तो मुख्यतः क्रॅकमधूनच येतो. कुलूप लागताना त्याचा चोरांच्या सर्व्हरशी संपर्क झाला तर प्रत्येक कॉम्प्युटरची किल्ली वेगळी, आणि ती त्यांच्याकडेच. संपर्क झाला नाही तर तो सगळ्यांना एकच ठरलेली किल्ली वापरतो. चिठ्ठीतला आयडी टी१ या अक्षर-अंकावर संपला तर ही शक्यता असते. तशी किल्ली पुढे हाती लागली तर एमसिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीचं ऑक्टोबर २०१९ मधलं फुकट साधन फाइल उघडू शकतं. माझा आयडी तसा संपत नव्हता. अशा वेळी 'आमच्याकडे टूल आहे' म्हणणारा एक तर थापा मारतो, नाहीतर तुमच्या पैशातून चोरालाच पैसे देतो. युरोपोल ही युरोपातली पोलीस संघटना आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये इतरांसोबत सुरू केलेली 'नो मोअर रॅन्सम' ही साइट आहे. बंद पडलेली फाइल आणि चिठ्ठी तिथं टाकली की इलाज आहे की नाही ते फुकट कळतं.

त्यानं आधी मोबाईलवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलायला लावले, कारण हा व्हायरस ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा जोडीदारही सोबत आणतो. एकोणीस दिवस मी जुन्याच पासवर्डवर होतो! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर पहिला प्रश्न आला, "पैसे कधी पाठवले?" त्या नंबरवर तासाभरात फोन गेला तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते, इतक्या दिवसांनी काय अडवणार. तक्रार नोंदवली, पैसे आले नाहीत.

काम मात्र निभावलं. ऑफसेटवाल्याला मेल केलेल्या पीडीएफ त्याच्याकडे शाबूत होत्या, काही गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रुफं सापडली. उरलेलं नवरा-बायकोनं रात्री जागून पुन्हा टाइप केलं. आता दोन डिस्क आहेत. एक घरच्या कपाटात असते, शनिवारी संध्याकाळी दुकानात येते, कॉपी झाली की पिशवीतून परत जाते. कोरल भाड्यानं घेतलाय, दर वर्षी पैसे भरताना जिवावर येतं.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका फ्लेक्सवाल्याचा फोन आला. तेच शेपूट, तीच चिठ्ठी. रिकव्हरीवाला कुणीतरी त्याला म्हणाला होता, आधी एक छोटी फाइल पाठवा, हिशेबाची नको. मी म्हटलं, तू ती चिठ्ठी आधी खालपर्यंत वाच. फोन चालू ठेवून त्यानं अडखळत वाचली, फुकटच्या फाइलीपाशी आला आणि थांबला.