इलफर्ड एचपी५ प्लस: रामकुंडावरच्या कडक उन्हात

मे महिन्यात एचपी५ या कृष्णधवल फिल्मचे ३५ एमएमचे चार रोल मी नाशिकच्या रामकुंडावरच संपवले. सकाळी दहानंतर तिथलं ऊन अंगावर येतं. दुतोंड्या मारुतीचं एक तोंड लखलखीत उजेडात, दुसरं सावलीत, आणि पायरीवर कुणाचं तरी पांढरंशुभ्र धोतर वाळत घातलेलं.

पहिला रोल कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या भरवशावर, डबीवरच्या ४०० आयएसओलाच, म्हणजे फिल्मच्या छापील वेगालाच काढला. मीटर पांढऱ्या धोतराला भुलला आणि उजेड कमी घेतला. निगेटिव्ह धुऊन पाहिली तर सावलीतल्या तोंडाच्या जागी फिल्म पार कोरी. डोळा नाही, नाक नाही. जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, कितीही वेळ ठेवा, काही उमटत नाही.

दुसऱ्या रोलपासून फिल्मला दुप्पट उजेड मिळावा म्हणून मीटर २००वर लावला आणि जवळ जाऊन, माझी सावली पडू न देता, फक्त ते काळोखातलं तोंड मोजलं: एफ ८ या छिद्राला १/६० सेकंद. मीटर मोजेल ते मधल्या करड्या रंगात बसवतो. सावली तर सावलीच दिसायला हवी, म्हणून दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी करून १/२५०ला बटण दाबलं. धोतर सावलीपेक्षा तब्बल सहा स्टॉप वर होतं. त्याला आवरायचं डेव्हलपिंगमध्ये. आयडी-११ हा डेव्हलपर आणि पाणी समसमान घेतलं तर ४००साठी कंपनी १३ मिनिटं सांगते; मी साडेदहाला थांबलो. वेळ कापला की उजळ भाग आटोक्यात येतो, सावलीला फारसा धक्का लागत नाही. नळाचं पाणी कोमट, त्यामुळे परातीत बर्फ टाकून २० अंश सांभाळले. हे टाळू नका, नाहीतर कापलेली अडीच मिनिटं फुकट.

तिसऱ्या रोलची प्रिंट पाहून मी हरखलो. सावलीतल्या गालावर शेंदराचे थर मोजता येतात आणि धोतरावर पिळल्याच्या सुरकुत्याही शाबूत आहेत. जास्तीचा उजेड ही फिल्म इतका निमूट पोटात घेते, म्हणूनच उन्हासाठी मी हिच्यावर विसंबतो. मोठ्या प्रिंटमध्ये फिल्मचा दाणा दिसतो. मला तो दगडावर शोभतो.

फक्त एक रोल एकाच उजेडात संपवा. चौथ्याच्या शेवटच्या आठ फ्रेम मी ढगाळ संध्याकाळी काढल्या. त्याही साडेदहा मिनिटांतच धुतल्या गेल्या आणि राखेसारख्या सपाट आल्या.