खोक्यावर १४४ हर्ट्झ, आत ६० चं पॅनल

पाचोरा तालुक्यातल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने जळगावात साडेसात हजारांना घेतलेला २४ इंची 'गेमिंग' मॉनिटर उघडल्यावर आत काय निघालं, त्याचा हा हिशेब. दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. असा माल धुळ्यात, भुसावळात, अमळनेरला, कुठेही भेटतो. आणि विकणारा दर वेळी लबाडच असतो असंही नाही, काहींना आपण काय विकतोय हेच ठाऊक नसतं.

खोक्यावर छापलेलं होतं: १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ चित्रं), १ मिलिसेकंद (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ), एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणं), फुल एचडी (१९२० गुणिले १०८० पिक्सेल). मागच्या झाकणावर लाल रेघा, रंग बदलणारी एलईडी पट्टी. झाकण मात्र एवढंच नवं. आतलं पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेल्या मॉनिटरचं, ६० हर्ट्झचं. त्याला बाजारात सुट्टा मिळतो तसला, कुठल्याही पॅनलला चालणारा युनिव्हर्सल बोर्ड जोडलेला. पॅनल आणि बोर्डाच्या मधली केबल ३० पिनांची, 'ड्युअल चॅनल एलव्हीडीएस' म्हणतात त्या पद्धतीची. इथेच सगळं उघडं पडतं, कारण ही केबल फुल एचडीचं चित्र ६० ते ७५ हर्ट्झपर्यंतच वाहून नेऊ शकते. १४४ चा डेटा तिच्यातून जाणारच नाही.

पण विंडोजमध्ये १४४ च दिसत होतं, आणि पोराची खात्री तिथेच पटली. हे कसं होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण दुकानदार पुरावा म्हणून नेमका हाच आकडा दाखवतो.

मॉनिटर जोडला की तो संगणकाला स्वतःची ओळख सांगतो. नाव, बनवल्याचं वर्ष आणि आठवडा, किती रिझोल्यूशन, किती हर्ट्झ. ही माहिती म्हणजे ईडीआयडी. ती बोर्डावरच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असते, पॅनलला विचारून येत नाही. चिपमध्ये कुणी १४४ लिहून ठेवलं तर विंडोज १४४ मानतं आणि ग्राफिक कार्ड इमानदारीने सेकंदाला १४४ चित्रं पाठवतं. बोर्ड ती सगळी घेतो, पॅनलला झेपतील तेवढी ६० पुढे ढकलतो आणि उरलेली ८४ टाकून देतो. गेममधला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) आकडाही १४४ च राहतो, कारण तो कार्ड किती चित्रं बनवतं हे मोजतो, डोळ्यांपर्यंत किती पोचतात हे नाही. वर जी चित्रं पोचतात तीही सारख्या अंतराने येत नाहीत, त्यामुळे माउस हलवला की खऱ्या ६० पेक्षाही जास्त अडखळल्यासारखं वाटतं. पोराची पहिली तक्रार हीच होती: जुन्या मॉनिटरवर व्हॅलोरंट हा गेम बरा चालायचा, नव्यावर अडखळतो.

त्यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "भाऊ, तुमचं कार्डच जुनं आहे." वाईट एवढंच, की हे उत्तर पुष्कळदा खरंही असतं. म्हणून दुकानात भांडायला जाण्याआधी आपल्या बाजूच्या गोष्टी तपासून घ्या. विंडोज नवा मॉनिटर बरेचदा ६० वरच ठेवतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट (म्हणजे हर्ट्झचा आकडा) हाताने बदलावा लागतो. एचडीएमआय १.४ चं पोर्ट असेल तर फुल एचडीवर सहसा १२० पर्यंतच जाता येतं. स्वस्त मदरबोर्डांवर हे पोर्ट अजून सर्रास आहे. व्हीजीएतून (जुन्या पद्धतीच्या पोर्टातून) एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर लावला असेल तर १४४ चं नाव काढू नका. आणि पीसीत वेगळं ग्राफिक कार्ड असूनही केबल मदरबोर्डाच्या पोर्टात खोचलेली असते, ही चूक तर घरोघरी. डिस्प्लेपोर्टची केबल थेट कार्डात लावा म्हणजे पोर्ट-केबलचे सगळे संशय एकदम मिटतात. मॉनिटरला डिस्प्लेपोर्टच नसेल, नुसतं एचडीएमआय आणि व्हीजीए असेल आणि वर १४४ लिहिलं असेल, तर तिथेच थांबून विचार करा. व्हीजीएचं पोर्ट असणं हा गुन्हा नाही, पण गेमिंग मॉनिटरला ते ठेवायची गरज कुणालाच नसते.

टाकून दिलेली चित्रं पकडायचा उपाय फुकट आहे. ब्राउझरमध्ये टेस्टयूएफओ ही साइट उघडा आणि तिथली फ्रेम स्किपिंगची (चित्रं गाळली जातात का ते बघायची) चाचणी लावा. लॅपटॉपला जोडून बघत असाल तर चित्र फक्त बाहेरच्या मॉनिटरवर ठेवा. दोन्ही स्क्रीन वेगवेगळ्या हर्ट्झवर चालू असल्या की चाचणी गंडते. चार्जर लावलेला असू द्या. स्क्रीनवर चौकोनांची जाळी येते आणि प्रत्येक चित्राला पुढचा एक चौकोन उजळतो. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड घ्या, शटर १/१० सेकंद, आयएसओ कमी, फोन कशाला तरी टेकवून स्थिर, आणि फोटो काढा. खऱ्या १४४ वर फोटोत एकाला एक लागून चौदाच्या आसपास चौकोन उजळलेले दिसतात. ह्या मॉनिटरवर सहाच दिसले, आणि मधे मधे काळी भोकं. एका फोटोवर जाऊ नका, चार-पाच काढा; दर वेळी भोकं दिसली तर शंका उरत नाही.

याच जातीचा दुसरा खेळ रिझोल्यूशनचा. आत पॅनल १३६६ गुणिले ७६८ किंवा १६०० गुणिले ९०० चं, आणि बोर्ड बाहेरून १९२० गुणिले १०८० घेऊन आत चित्र आवळतो. विंडोज इथेही छातीठोक फुल एचडी सांगतं. हे पकडायला पेंटमध्ये १९२० गुणिले १०८० चं चित्र करा, त्यात एक पिक्सेल काळा, एक पिक्सेल पांढरा अशा उभ्या रेघा भरा, विंडोजचं स्केलिंग १०० टक्के ठेवा आणि चित्र पूर्ण स्क्रीनवर आणा. पॅनल खरं असेल तर सगळीकडे एकसारखी बारीक राखाडी जाळी दिसते. आवळलेलं असेल तर जाड पट्टे किंवा पाण्यासारख्या लाटा उमटतात. घरून पेनड्राइव्हवर हे चित्र करूनच न्या, दुकानात बसून रेघा ओढत बसू नका.

ईडीआयडी वाचणारी फुकट साधनं आहेत, एचडब्ल्यूइन्फो त्यातलं एक. मॉनिटरच्या नोंदीत नाव, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष, सिरीयल नंबर दिसतो. खोक्यावर एका कंपनीचं नाव, इथे भलतंच, वर्ष जुनं, सिरीयलच्या जागी शून्यं, असं दिसलं की बोर्ड बाहेरचा आहे हे धरून चाला. उलट सगळं जुळलं तरी तेवढ्यावर विसंबू नका, कारण चिपमधला मजकूर बदलता येतो. फ्रेमची चाचणी मात्र कुणाला बदलता येत नाही.

वस्तू हातात घेऊनही पुष्कळ कळतं. स्क्रूच्या माथ्यावर पेचकसाचे ओरखडे, हवेच्या जाळीतून आत टॉर्च मारल्यावर दिसणारी जुनी धूळ, कडेला पिवळसर पडलेला पांढरा रंग, एका स्टिकरवर दुसरं स्टिकर. आयातदाराचं नाव आणि पत्ता, कुठल्या देशात बनला, महिना-वर्ष, एमआरपी हे खोक्यावर असायलाच हवं. मॉनिटर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतो, त्यामुळे मागे मानक चिन्हाशेजारी 'आर' आणि आठ आकडे असतात. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीच्या, कुठल्या ब्रँडच्या नावावर आहे ते समोर येतं. ॲडॉप्टरवर त्याचा वेगळा नंबर असतो. ह्या मॉनिटरच्या १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर तो नव्हताच. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर पारा असतो, त्यात वीज कमीजास्त. असले ॲडॉप्टर पहिल्या उन्हाळ्यातच फुगलेल्या कपॅसिटरसकट टेबलावर येतात.

भरताची वांगी उलटीपालटी करून, देठ बघून घेणारी माणसं साडेसात हजारांची वस्तू मात्र सील बघून उचलतात. दुकानदार म्हणतो "डोळे झाकून घ्या", आणि मॉनिटर घेतानाच ते ऐकतात! पैसे द्यायच्या आधी दुकानातच जोडून दाखवा म्हणा. आपली डिस्प्लेपोर्टची केबल सोबत असू द्या. वीस मिनिटं पुरतात: रिफ्रेश रेट, फ्रेमचा फोटो, रेघांचं चित्र, मग लाल, हिरवी, निळी, काळी, पांढरी अशी पूर्ण स्क्रीन करून मेलेले पिक्सेल. "सील फोडलं तर घ्यावाच लागेल" असं कुणी म्हणालं तर बाजारात दुसरी दुकानं आहेत. ऑनलाइन मागवत असाल तर ओपन बॉक्स डिलिव्हरी निवडा आणि खोकं उघडण्यापासून पहिली चाचणी होईपर्यंत न तोडता व्हिडिओ काढा. आपला जुना मॉनिटर जुन्या वस्तूंच्या ॲपवर विकायला काढला असेल तर 'पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' म्हणणाऱ्याशी बोलूच नका. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत.

भावाचा अंदाज असला तर अर्धी फसवणूक दारातच थांबते. सध्या नावाजलेल्या कंपनीचा २४ इंची १०० हर्ट्झ आयपीएस (पॅनलचा एक प्रकार) साधारण सात-आठ हजारांत, आणि १४४ ते १८० चा दहा-बारा हजारांच्या घरात मिळतो. मग साडेसातात १४४, एचडीआर आणि वर रंगीत पट्टी कुठून येणार? बजेट खरंच आठ हजार असेल तर १०० हर्ट्झचा खरा मॉनिटर घ्या. ६० वर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १०० वर १०, १४४ वर ६.९, १८० वर ५.६. सगळ्यात मोठी उडी पहिलीच आहे. शिवाय कार्ड शंभराच्या पुढे फ्रेम काढत नसेल तर १४४ चे पैसे वायाच.

मोठ्या कंपन्यांचे आकडे खोटे नसतात, पण सोयीने मोजलेले असतात. १ मिलिसेकंदाच्या पुढे बारीक अक्षरात एमपीआरटी (हलतं चित्र डोळ्यांना किती वेळ दिसतं त्याचं माप) असेल तर तो बॅकलाइट, म्हणजे पॅनलमागचा दिवा, मिचकावून मिळवलेला आकडा आहे. तो मोड लावला की उजेड कमी होतो, आणि बरेचदा फ्रीसिंक (कार्ड आणि मॉनिटरचा वेग जुळवणारी सोय) बंद पडतं. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर हलणाऱ्या काळ्या रंगामागे शेपटी ओढली जाते, ती खोक्यावर कुठेच नसते. डायनॅमिक कॉन्ट्रास्टचे कोटीतले आकडे सोडून द्या. खरा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) आयपीएसला हजाराला एक, व्हीएला तीन हजाराला एकच्या आसपास. आणि २५० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) पॅनलवरचा एचडीआर म्हणजे सिग्नल स्वीकारतो एवढंच. तो बंदच ठेवा, रंग बरे दिसतील.

बिलाकडे वळू. ह्या व्यवहारात बिल होतं, पण कच्चं: चिठ्ठीवर 'एलईडी २४, १ नग' आणि 'दुकानाची वॉरंटी ६ महिने'. पक्क्या बिलावर जीएसटी क्रमांक असतो, १५ अक्षर-आकड्यांचा, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होणारा. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून दुकानाचं नाव जुळतं का पाहता येतं. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर, 'नवीन', 'फुल एचडी' आणि 'रिफ्रेश रेट १४४ हर्ट्झ' हे शब्द लिहून मागा. खरा माल विकणारा लगेच लिहून देतो. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. कंपनीची वॉरंटी म्हणत असतील तर सिरीयल नंबर पैसे देण्याआधीच कंपनीच्या साइटवर टाकून बघा, आणि माणूस घरी येतो की मॉनिटर आपणच उचलून न्यायचा, तेही आपल्या पिनकोडसाठी विचारून घ्या.

फसलाच असाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही त्यातल्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी भिंतीवर असली तरी सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून चाचणी पहिल्याच आठवड्यात करा. आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना, सोबत फोटो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी दाद नाही लागली तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. माल मुंबईहून किंवा दिल्लीहून मागवलेला असला तरी जळगाव, धुळे, नंदुरबारातच.

एक गोष्ट मात्र करू नका: संशय आला म्हणून मागचं झाकण स्वतः उघडू नका. उघडलं की दुकानदार म्हणणार, पॅनल तुम्हीच बदललं. ह्या प्रकरणात नेमकं तेच झालं. झाकण आधीच उघडलं गेलं होतं, आणि शेवटी मिळाले ते निम्मे पैसे, तेही तडजोडीत. फ्रेमचे फोटो, रेघांचा फोटो, ईडीआयडीचा स्क्रीनशॉट, खोक्याच्या सहाही बाजू आणि पैसे पाठवल्याची नोंद एवढं बंद मॉनिटरसोबत ठेवा. आत काय आहे हे तपासायला वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला असतो, आणि ते झाकण तिथेच उघडलेलं बरं.